सगळ्यांत शांत

१३ जानेवारी, सोमवार

कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, रोज लिहा. मुलगी काय खाते, किती बोलते, कशी वागते ते टिपून ठेवा आणि पुढच्या भेटीला वही घेऊन या. वही गोदामातली आहे, जुनी, उरलेली. प्रत्येक पानावर वर 'थप्पी क्रमांक' छापलंय, तिकडे लक्ष देऊ नये.

लिहिणारा मी, मुलीचा बाप. वय त्रेपन्न. धान्याच्या गोदामात उंदरांचा बंदोबस्त माझ्याकडे आहे, एकोणतीस वर्षं. ही, म्हणजे मुलीची आई, इस्पितळाच्या धुलाईखान्यात आहे, तिच्या पाळ्या बदलत्या असतात. मुलगी सतरा वर्षांची. घरात तिला बबडी म्हणतो, लहानपणीच्या गालांमुळे. गाल आता राहिले नाहीत.

दोन महिने ती कॉलेजला गेलेली नाही. काय झालं विचारलं की 'काही नाही'. आधी निदान भांडायची, दारं आपटायची, ताट सरकवून द्यायची. आता दिवसभर पलंगावर असते.

बाई म्हणाल्या, घरात एखादं जनावर आणून बघा, पुष्कळांना त्याने बरं वाटतं. आमच्या इमारतीत कुत्रा चालत नाही आणि मांजराने हिला शिंका येतात. बाई म्हणाल्या, हल्ली लोक उंदीरही पाळतात, माणसाळलेले, फार हुशार असतात. मी म्हटलं, बाई, मी काय काम करतो ते त्या कागदावर लिहिलंय. त्यांनी कागद पाहिला आणि पाणी प्यायल्या.

१५ जानेवारी, बुधवार

गंमत म्हणून बबडीला सांगितलं, तुझ्या बाईंनी उंदीर पाळायला सांगितलाय. वाटलं, हसेल. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "आणा."

दोन दिवसांत तेवढा एकच शब्द. आता आणण्यावाचून गत्यंतर नाही.

ही म्हणाली, "तुम्ही पाळणार उंदीर? एखाद्या दिवशी सवयीने..."

गोदामात हमालांच्या मुकादमाला सांगितलं. तो पोत्यावर बसून हसत सुटला. "एवढी स्थळं चालून येतात रोज इथे, त्यातलाच एक जावई करून घ्या की." मीही हसलो. पण खरं सांगायचं तर ज्यांच्या मुळावर उठून पोट भरलं, त्यांच्यातल्याच एकाला आता मुलीसाठी गळ घालायला निघालोय. माझ्याकडे दुसरा उपाय असता तर तो केला असता.

१९ जानेवारी, रविवार

उंदीर आणला. सविस्तर लिहितो, कारण आजचा दिवस कामी आला असं वाटतंय.

पत्ता समुपदेशक बाईंनीच दिला होता. एक निवृत्त शिक्षिका, मागच्या खोलीत चौदा उंदीर. खोली स्वच्छ, वास नाही. भिंतीला लागून मोठे पिंजरे, त्यात जुन्या टॉवेलांचे झोके. हे झोके बघून मला कसंतरीच झालं. आमच्याकडचे पिंजरे वेगळे.

त्या म्हणाल्या, "हात आत ठेवा आणि स्वस्थ उभे राहा. पकडायचं नाही. कोण येतंय ते बघायचं."

एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा हातमोज्याशिवाय. एक आला, नख कुरतडून गेला. दुसऱ्याने घड्याळाचा पट्टा ओढायला घेतला. तिसरा सरळ बाहीत शिरला आणि कोपरापर्यंत चढला. मी हात झटकून बाहेर काढला. बाई हसल्या. "तो तुमच्यावर खूश झालाय."

मागे कोपऱ्यात एक पाठीवर राखाडी पट्टा असलेला बसून होता. त्यांनी उचलून माझ्या ओंजळीत ठेवला. हलला नाही, कुरतडलं नाही, डोळे अर्धे मिटून बसून राहिला. ओंजळीत गरम लागत होता. मी म्हटलं, "हाच द्या."

"तो आज जरा मंद दिसतोय. बाहीत चढला तो न्या. खरा माणसाळलेला तो. आणि जोडीने न्या, एकटे झुरतात."

"बाई, उंदरांचं मला शिकवू नका. घरात मुलगी आजारी आहे. शांतच पाहिजे."

"शांत असणं वेगळं आणि माणसाळलेलं असणं वेगळं," त्या म्हणाल्या. शिक्षिका आहेत, बोलणारच. "पण तुमचा हट्टच असेल तर न्या. पंधरा दिवसांत काही वाटलं तर परत आणा."

बबडीने त्याला दोन्ही हातांत घेतलं, बराच वेळ पाहिलं. विचारलं, "याला तुम्ही निवडलं?"

मी म्हटलं, "हो. चौदांतला सगळ्यांत शांत."

ती "बरं" म्हणाली.

२० जानेवारी, सोमवार

तिने त्याचं नाव पाहुणा ठेवलं. हिला नाव आवडलं. मलाही.

पाहुणा तिच्या गळ्याजवळ झोपतो. त्याच्या छातीतून बारीक आवाज येतो, खुशीत आलेल्या मांजराचा येतो तसा. मुकादमाला सांगितलं तर म्हणाला, "तुमच्याकडे येऊन खूश होणारा हा पहिलाच."

बबडी : अर्धी पोळी, चहा. बोलणं : पाच-सहा वाक्यं, बहुतेक पाहुण्याशी.

२२ जानेवारी, बुधवार

आज एक युक्ती केली. हिला सांगितलेली नाही.

गोदामात पोत्यांच्या थप्पीच्या पायथ्याशी आम्ही पांढरी पूड पसरतो. सकाळी पावलं वाचायची. किती जण आले, कुठून आले, थांबले की धावले, सगळं कळतं. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. दिवसभर आम्ही दोघं कामावर, बबडी घरात एकटी. उठते का, जेवते का, विचारलं तर 'हो' म्हणते आणि ताट तर तसंच असतं. म्हणून निघताना खोल्यांपुढच्या व्हरांड्यात तोंडाला लावायची पावडर भुरभुरवली, अगदी पातळ.

संध्याकाळी वाचलं. न्हाणीघरापर्यंत दोनदा. स्वयंपाकघरात एकदा, तिथे उभी राहिली, परत फिरली. टाचा ओढत चालते. पण चालते. समाधान वाटलं.

नंतर पुसून घेतलं.

२३ जानेवारी, गुरुवार

आज बबडी माझ्याशी बोलली. मी चहा घेऊन गेलो तेव्हा आपणहून उठून बसली, पाहुणा मांडीवर. माझ्या कामाबद्दल विचारत होती. इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं, उलट मैत्रिणींना बाबा गोदामात 'अधिकारी' आहेत असं सांगायची.

विचारलं, "उंदरांना कळतं का, आपण काय खाल्लं ते?"

मी म्हटलं, "नाही. शांत होत जातात, मग दिसत नाहीत."

"दुखतं?"

"तसं आपल्याला काय माहीत."

"ते औषध तुम्ही घरी आणता का?"

"छे, वेडी आहेस? घरात असलं काही नको. गोदामात कपाटात, कुलपात असतं."

मान हलवली. घराच्या सुरक्षेचा विचार करतेय, म्हणजे डोकं ताळ्यावर येतंय. मी उत्साहाच्या भरात तिला थप्प्या कशा रचतात, पूड कशी टाकतात तेही सांगितलं, फक्त आपल्या व्हरांड्यातलं सोडून. ऐकून घेतलं सगळं. मोजली तर तिची बारा वाक्यं झाली.

२६ जानेवारी, रविवार

इतका चांगला दिवस कितीतरी महिन्यांत गेला नव्हता.

बबडीने सकाळी आंघोळ केली, केस धुतले. स्वतःचं कपाट आवरलं. रंगांची पेटी शेजारच्या लहान मुलीला देऊन टाकली, ब्रशांसकट. ज्या पेटीला ती आम्हाला हात लावू देत नसे ती पेटी. ही पोळ्या लाटत होती तर मागून जाऊन तिला मिठी मारली. "आई, तू खूप दमतेस," म्हणाली. एकही वाद नाही, आदळआपट नाही, रडणं नाही.

ही माझ्यापाशी येऊन डोळे पुसत म्हणाली, "आपली पोर परत आली." माझाही जीव भांड्यात पडला. समुपदेशक बाईंना फोन करून सांगावं असं वाटलं, पण रविवार होता.

पाहुणा आज फारसं खात नाही. तोही शांत.

२७ जानेवारी, सोमवार

पावडरीत आज पावलं नवीन ठिकाणी. खोलीतून थेट बाहेरच्या दारापर्यंत. दाराशी बराच वेळ उभी होती, कारण तिथे ठसे एकावर एक पडलेत, पुसट झालेत. बोटं भिंतीकडे. तिथे चपलांचं कपाट आहे आणि वर खिळ्याला गोदामाच्या जादा किल्ल्यांचा जुडगा असतो. मग परत वळलीय. परतताना टाचा ओढलेल्या नाहीत, भरभर गेलीय, सरळ स्वयंपाकघरात आणि मग खोलीत.

म्हणजे बाहेर पडायचा विचार होता. चपला घालणार होती. उद्या-परवा नक्की पडेल.

हिला आता सांगून टाकलं. ती पावडरीबद्दल आधी चिडली, मग दाराचं ऐकून तिलाही आनंद झाला.

२८ जानेवारी, मंगळवार

पकडला गेलो. बबडीने तळवे वर करून दाखवले, पांढरे.

"बाबा, हे तुम्ही टाकता?"

मी 'हो' म्हटलं. खोटं बोलायला सुचलं नाही.

"मला पकडायचंय का तुम्हाला?"

"नाही गं. बघायचं होतं, तू उठतेस का."

"मग दार उघडून बघायचं."

हे सगळं अगदी हळू आवाजात. दोन महिन्यांपूर्वी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. चिडली नाही याचं बरं वाटलं. पावडर बंद.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी बबडीने हाक मारली. पाहुण्याच्या नाकाभोवती लाल, डोळ्यांच्या कडांनाही लाल.

हा लाल मी पुष्कळ वेळा पाहिलाय. वाटलं, माझ्याच कपड्यांवरून काहीतरी घरात आलं. मी ओरडलो, "सोड त्याला, हात धू आधी." ती सोडेना. पाहुण्याला ओढणीत गुंडाळून चपला घालून उभी राहिली. "डॉक्टरकडे चला."

दोन महिन्यांनी ती घराबाहेर पडली आणि मला ते निम्म्या रस्त्यात गेल्यावर लक्षात आलं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला कानाशी धरलं. "हे रक्त नाही, विष वगैरे काही नाही. आजारी उंदरांच्या डोळ्यांतून, नाकातून असा लाल स्राव येतो. छाती पूर्ण भरलीय याची. आवाज येत नव्हता का?"

"यायचा," मी म्हटलं. "मला वाटलं, खूश आहे."

"आणला तेव्हापासूनच आजारी असणार. मंद होता का?"

"शांत होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि औषधाची बाटली भरायला घेतली. दर सहा तासांनी दोन थेंब. फार आशा धरू नका, म्हणाल्या. बबडीने थेंब कसे द्यायचे ते दोनदा विचारून घेतलं.

येताना मी तिला म्हटलं, माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, "तुमच्यामुळे नाही झालं. तुम्हाला कळलं नाही, एवढंच."

१ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी एकच्या सुमारास पाहुणा गेला. ही कामावर. मी अर्धा दिवस भरून घरी आलेलो. बबडी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, तो मांडीवर, ओढणीत. मी दाराशी उभा राहिलो. मग तिचं 'दार उघडून बघायचं' आठवलं आणि आत जाऊन बसलो.

मी म्हटलं, "रडलीस तरी चालेल."

"रडू येत नाही."

"दुसरा आणू. बाहीत चढत होता तो."

"नको." मग माझ्याकडे न बघता, "तो शांत नव्हता, बाबा. त्याच्यात पळायची ताकद नव्हती. तुम्हाला आवडला कारण तो काही मागत नव्हता."

मी 'हं' म्हटलं. आणि मग मला जे कळायला हवं होतं ते कळलं.

गोदामात एखादा उंदीर दिवसाढवळ्या उघड्यावर येऊन बसला, माणूस जवळ गेला तरी हलला नाही, तर मी लांबूनच सांगतो की हा आता जाणार. मुकादमाला शिकवलंय, नव्या हमालांना शिकवलंय. चपळ असतो, चावतो, तो जगतो. बसून राहतो त्याच्यावर वेळ घालवू नका. आणि त्या बाईंच्या घरात चौदांतून मी नेमका तोच उचलला. आणि घरात बसून या वहीत लिहीत होतो, भांडली नाही, चिडली नाही, रडली नाही, चांगला दिवस. कपाट आवरलं, पेटी देऊन टाकली, चांगला दिवस. औषध कुठे असतं विचारलं तर मी आनंदाने सांगितलं. पावलं किल्ल्यांपाशी थांबलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आणि हिला सांगून खूश केलं.

सरळ विचारलं. आडून-आडून विचारायला जमलं नसतं.

"बबडे, तुला मरावंसं वाटतं का?"

ती ओढणीची घडी सारखी करत राहिली. "रोज नाही."

"सोमवारी?"

"किल्ल्या हातात घेतल्या होत्या. परत लावल्या."

"का लावल्यास?"

"पाहुण्याला पाणी ठेवायचं राहिलं होतं."

आणि पाहुणा तर तिच्या मांडीवर मेलेला. एवढा मोठा माणूस, इतक्या वर्षांचा अनुभव, आणि पोर समोर हे सांगतेय तर मी ओढणीकडे बघत बसलो. शेवटी जे खरं होतं तेच बोललो. "मला काय करायचं ते कळत नाही गं. पण मी इथून उठत नाही."

"बसा," ती म्हणाली.

बसलो. पाय बधिर झाले तरी बसलो. तिला एकटं सोडायला नको म्हणून मुकादमालाच फोन करून घरी बोलावलं. तो आला, नेहमीप्रमाणे काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि माझा चेहरा बघून मिटलं. जुडगा त्याच्या हातात दिला, माझ्या खिशातल्या किल्ल्याही दिल्या. "मी सांगेपर्यंत परत देऊ नकोस." पाहुण्याला त्यानेच इमारतीच्या मागे कुंपणाशी पुरलं, बबडी खिडकीतून बघत होती.

समुपदेशक बाईंना फोन केला. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. म्हणाल्या, आजपासून तिला एकटीला ठेवू नका, विचारलंत ते फार बरं केलंत, सोमवारी सकाळी तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या, मी त्यांच्याशी बोलते. काही वाटलं तर तोवर थांबू नका, सरळ इस्पितळात जा.

ही चार वाजता आली. तिला कसं सांगितलं ते इथे लिहीत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दोघांनीही रजा टाकली. बबडीच्या खोलीचं दार उघडं. आम्ही पाळीपाळीने आत बसतो. ही कपड्यांच्या घड्या करते, मोडते, परत करते.

बबडीने एकदा विचारलं, "तुम्ही दोघं असं किती दिवस करणार?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मला अपराधी वाटतं." ही म्हणाली, "वाटू दे, पण बस आमच्यात." जेवली थोडं. चांगला दिवस की वाईट, हे मी आता लिहिणार नाही, मला त्यातलं कळत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

हे इस्पितळात, बाहेरच्या बाकड्यावर बसून लिहितोय.

हिच्याच इस्पितळात आलोय. धुलाईखान्यातल्या तिच्या दोघी सोबतिणी चादरींची गाडी ढकलत इथून गेल्या, एकीने हिच्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई आहेत. आधी आम्हाला आत बोलावलं. गेल्या पंधरा दिवसांत कशी होती, विचारलं. मी वही पुढे केली. त्यांनी दोन-तीन पानं चाळली, सव्वीस तारखेच्या पानावर थांबल्या, आणि वही परत दिली. "लिहीत राहा," म्हणाल्या. मला वाटलं होतं, बोल लावतील. लावला असता तर बरं वाटलं असतं.

मग आम्हाला बाहेर पाठवलं. बबडी आत आहे, पाऊण तास झाला. मधूनमधून डॉक्टरबाईंचा आवाज येतो, तिचा येत नाही.

ही विचारते, "बरी होईल ना?" मी नेहमी 'होईल' म्हणतो. आज म्हटलं नाही. म्हटलं, "आपण इथे आहोत." तिला ते पुरलं नाही, मलाही पुरलं नाही.

आत्ता आतून रडण्याचा आवाज आला. बबडीचाच. मोठ्याने, गळा काढून, पाच वर्षांची असताना रडायची तसा. बाकड्यावरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. एक परिचारिका दाराशी येऊन थबकली. ही ताडकन उठली, दाराकडे निघाली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"रडू दे," मी म्हटलं.

"अहो, पण..."

"रडू दे तिला."

बसली. माझा हात तिने इतका घट्ट धरलाय की डाव्या हाताने लिहावं लागतंय. मध्येच आवाज थांबला. आम्ही दोघं दाराकडे बघत राहिलो. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षाही मोठा, तेव्हा कुठे हिने माझा हात सोडला.